कॅज्युअल्टीतला क्यूआय प्रोजेक्ट: छातीत दुखतंय म्हटल्यावर ईसीजीला इतका वेळ का लागतो?

रात्रपाळी

मी इमर्जन्सी मेडिसिनवाली. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी बघते, हाताखाली डीएनबीची (पदव्युत्तर शिक्षण घेणारी) मुलं आहेत. तपासणीची तारीख जवळ आली की 'क्वालिटी इम्प्रूव्हमेंट'ची (क्यूआय, म्हणजे कामाचा दर्जा सुधारण्याची) फाइल कपाटातून निघते, तिच्यात बार चार्ट चिकटतात, सह्या होतात आणि फाइल पुन्हा कपाटात जाते. कॅज्युअल्टीत राबणाऱ्या सिस्टर-मामांना (मामा म्हणजे वॉर्डबॉय) त्या चार्टांचा पत्ताही नसतो. हा प्रकार बहुतेकांच्या ओळखीचा असेल. या वेळी जरा वेगळं करून पाहिलं, त्याविषयी लिहितेय. इथे डॉक्टर नसलेले पुष्कळ आहेत, त्यांनीही बोलावं.

विषय एकच धरला. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी, तो दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत निघून डॉक्टरच्या नजरेखालून गेला पाहिजे. हा दहाचा आकडा आमच्या मनाचा नाही, अमेरिका आणि युरोपच्या हृदयरोग संघटनांच्या सूचनांमध्ये तोच आहे. मोठा अटॅक असला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, पुढचं सगळं त्या कागदावरून सुरू होतं.

पहिल्या बैठकीत जे व्हायचं तेच झालं. स्टाफ कमी आहे, मशीन जुनं आहे, पेशंटच उशिरा येतात. सगळं खरं, आणि यातलं काहीच आमच्या हातात नाही. म्हणून ठरवलं की आधी कुणी उपाय सुचवायचाच नाही. एका रेसिडेंटला वही देऊन दाराशी उभं केलं. छातीत दुखणारा माणूस आला की त्याच्याबरोबर चालायचं, मदत लागली तर करायची, बाकी नुसतं लिहायचं.

वहीत काय आलं? वॉचमन म्हणतो, "आधी केसपेपर काढा." नातेवाईक खिडकीशी, रुग्ण बाकावर. खिडकीत आधार, मोबाइल नंबर, पत्ता. केसपेपरचा नंबर हातात आल्याशिवाय सिस्टर ईसीजी काढत नाहीत, कारण मागे एकदा दोन पेशंटांचे कागद अदलाबदल झाले होते आणि बोलणी त्यांनी खाल्ली होती. मशीन वॉर्डात गेलेलं. ते आलं तर जेली संपलेली, मग पाण्यात भिजवलेला कापूस. छातीवर लावायच्या सहा रबरी बल्बांपैकी एकाला चीर, तो केसाळ छातीवर टिकेना, मामा बोटाने दाबून धरून उभे. बाई पेशंट असली तर पडद्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या, म्हणून शेजारच्या कॉटवरची माणसं बाहेर काढेपर्यंत थांबायचं. आणि इतकं होऊन ईसीजी निघाला की तो केसपेपरखाली क्लिपला लागतो, कारण डॉक्टर पलीकडे कुणाच्या तरी डोक्याला टाके घालतायत. काढलेला ईसीजी आणि बघितलेला ईसीजी यांत कधीकधी काढण्याहून जास्त वेळ जात होता. हे आमच्या एकाही फाइलमध्ये नव्हतं.

सगळ्यात मजा घड्याळांची. खिडकीतल्या कॉम्प्युटरची वेळ एक, भिंतीवरची दुसरी, ईसीजी मशीनची तिसरीच. जुने कागद चाळले तर काही पेशंटांचा ईसीजी ते हॉस्पिटलात यायच्या आधीच निघालेला! अशा आकड्यांवर आम्ही आजवर सरासरी काढत होतो.

बदल एकदम सगळे केले नाहीत. एक पाळी, एक सिस्टर, एक मामा धरून सुरुवात केली. मशीनची जागा दाराजवळ ठरवली आणि फरशीवर रंगाने चौकोन आखला. वॉर्डाला मशीन न्यायचं तर सही करून. छातीत दुखतंय असं कानावर आलं की वॉचमनने थेट आत पाठवायचं, नाव आणि वय हाताने कागदावर, केसपेपर मागून. कागद निघाला की क्लिपला लावायचा नाही, डॉक्टरच्या हातात द्यायचा, तो टाके घालत असला तरी त्याच्या डोळ्यांसमोर धरायचा. डॉक्टरने त्याच कागदावर वेळ टाकून सही करायची. आकडे उतरले आहेत, पण रात्री अजून वर जातात, आणि बायकांचे पुरुषांपेक्षा वर आहेत. रात्रीचं कारण समजतं. बायकांचं पडद्याने पूर्ण सुटलेलं नाही.

तुमच्याकडे काय चालतं?

वाटाण्याच्या_अक्षता

वाचतोय. धागा चांगला आहे, पण डॉक्टरांनी लिहिलेला धागा वाचून कळला हे पहिल्यांदाच.

जुनी_टोपी

मी निवृत्त इन्चार्ज सिस्टर. डोक्यावर टोपी होती तेव्हापासूनची, म्हणून हे नाव.

मॅडम, घड्याळं मोजलीत तशी रजिस्टरं पण मोजा. आमच्या कॅज्युअल्टीत आवक रजिस्टर वेगळं, एमएलसीचं (पोलीस केसचं) वेगळं, रेफरचं वेगळं, औषधांचं वेगळं, ऑक्सिजनचं वेगळं. प्रत्येक प्रोजेक्टवाला नवा तक्ता घेऊन येतो आणि जाताना नेत नाही. तुम्ही वेळ ईसीजीच्या कागदावरच लिहायला लावलीत हे फार बरं केलंत. ज्या कामाला सिस्टरला एक ओळ जास्त लिहावी लागते ते काम महिन्याअखेरीला एका बैठकीत बसून एकाच पेनाने भरलं जातं. मी भरलेलं बघितलं आहे.

बायकांचं म्हणाल तर पडदा हे अर्धंच कारण. बाई छातीवर हात ठेवून येत नाही. ती म्हणते जीव घाबरा होतोय, पोटात वर जळजळतंय, दम लागतोय, खांदा भरून आलाय. नवरा म्हणतो, "काही नाही, ॲसिडिटी आहे, काल उपास होता." तुमच्या वॉचमनच्या कानावर 'छातीत दुखतंय' हे शब्द पडतच नाहीत, तर तो आत पाठवणार कुणाला? शब्द बदला. बेंबीच्या वर काहीही होत असेल आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा साखरेचा पेशंट असेल, तर आत.

दुसरं, पुरुष रेसिडेंट एकटा ईसीजी काढायला गेला की बाई आखडते, सिस्टर येईपर्यंत तोही थांबतो. आमच्याकडे आया मावशींना बल्ब लावायला शिकवलं होतं. कागद वाचायचा नसतो त्यांना, जागा चुकायच्या नाहीत एवढंच. मावशी चौथीतून शाळा सोडलेल्या, पण इंटर्नपेक्षा त्यांचा व्ही-वन, व्ही-टू (छातीवरचे पहिले दोन बल्ब) जागेवर असायचा.

रात्रपाळी

सिस्टर, बेंबीच्या वरचं उद्याच लावते. मावशींचंही.

चाकणकर

मी गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, हॉस्पिटलातलं कळत नाही. तुमची वही घेऊन चालणारी मुलगी मात्र लगेच कळली, आमच्याकडे नवा इंजिनिअर आला की त्याला लाइनवर असाच उभा करतात.

एक विचारतो. आकडे उतरले म्हणता, ते कसे ठरवलंत? आधीच्या महिन्याची सरासरी आणि नंतरच्या महिन्याची सरासरी, असे दोन खांब काढले असतील तर त्यावर माझा विश्वास नाही. आकडे आपोआप वरखाली होतच असतात. वॉल्टर शूहार्टने बेल टेलिफोनच्या कामात १९२४ साली कंट्रोल चार्ट मांडला तो याचसाठी: नेहमीची हलचल कोणती आणि खरोखर काही घडलंय ते कोणतं. डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने तेच पुढे जपानात नेलं. तुमचं क्यूआयवाल्यांचं ते प्लॅन-डू-स्टडी-ॲक्टचं (ठरवा, करून बघा, तपासा, सुधारा) चक्र त्याच घराण्यातलं.

तुम्हाला कंट्रोल चार्टही लागणार नाही. साधा रन चार्ट पुरे. आडव्या अक्षावर रुग्ण आले त्या क्रमाने, उभ्या अक्षावर मिनिटं, मधोमध मध्यकाची (आकडे क्रमाने लावले की बरोबर मधे येणाऱ्याची) रेघ. सलग सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी बदललंय असं धरायचं. रेघेवरच पडलेला ठिपका मोजायचा नाही. बदल कुठल्या दिवशी केला तिथे बाण. सरासरी नको, एका रात्री कुणाचा ईसीजी दोन तासांनी निघाला की सगळी सरासरी त्याच्या मागे पळते.

बंब_शंभर

+१. आलेखपेपर मिळतो तरी का हल्ली?

चाकणकर

चौकटीची वही चालते.

लीड्सवाली

मूळची साताऱ्याची, आता इथे इंग्लंडमध्ये इमर्जन्सीत. क्यूआय प्रोजेक्ट आमच्या प्रशिक्षणातच बसलेला आहे, त्यामुळे चांगले-वाईट दोन्ही पाहिलेत.

रात्रपाळी, तुमचं मोजमाप छान आहे पण एक गोष्ट आत्तापासून जपा. इथल्या चार तासांच्या नियमाची कहाणी सांगते. २००० सालच्या एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) प्लॅनमध्ये ठरलं की इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही चार तासांपेक्षा जास्त थांबावं लागू नये, आणि हे २००४ पर्यंत. पुढे ९८ टक्के रुग्णांसाठी हा निकष लागला, २०१० मध्ये तो ९५ वर आणला. फायदा झाला का? झाला. त्याआधी लोक ट्रॉलीवर रात्र-रात्र पडून असत, ते खूप कमी झालं. व्यवस्थापक वॉर्डांना फोन करून खाटा मोकळ्या करून घेऊ लागले, कारण आता प्रश्न एकट्या इमर्जन्सीचा राहिला नव्हता.

पण रुग्ण किती वेळाने बाहेर पडले याचा आलेख काढला तर चार तास भरायच्या आधीच्या शेवटच्या वीस मिनिटांत भला मोठा सुळका दिसायचा. माणसाचा आजार काही घड्याळ बघून तीन तास पन्नास मिनिटांनी बरा होत नाही. कुणाला घाईने वॉर्डात ढकललेलं असे, कुणाचा निर्णय 'आता उरकूया' म्हणून घेतलेला असे. मिड स्टॅफोर्डशरच्या रुग्णालयातल्या हलगर्जीची चौकशी झाली, २०१३ चा फ्रान्सिस अहवाल आला, त्यातही आकड्यांमागे धावताना माणसं नजरेआड झाल्याचं स्पष्ट लिहिलंय. आणि आता ९५ टक्के तर लांबच, मधला टप्पा म्हणून मार्च २०२४ साठी ७६ टक्क्यांचं लक्ष्य दिलं होतं.

म्हणून जो आकडा सुधारायचा त्याच्या शेजारी, त्यापायी बिघडू शकेल असाही एक आकडा मोजा. तुमच्या बाबतीत काय? छातीच्या पेशंटला आत घेताना दमेकरी किंवा फेफऱ्याचा पेशंट बाहेर थांबला का?

रात्रपाळी

हे पटलं. असंच अमेरिकेत न्यूमोनियाच्या अँटिबायोटिकचं झालं होतं. आल्यापासून चार तासांत पहिला डोस, असा निकष लावला. मग डॉक्टर एक्स-रे नीट बघायच्या आत, साधा दम लागलेल्यालाही अँटिबायोटिक देऊ लागले. ज्यांना नंतर न्यूमोनिया नाही असं ठरलं, त्यांनाही डोस गेलेला असायचा. पुढे चारचे सहा तास केले, मग तो निकषच काढून टाकला.

आमच्याकडे दुसरा आकडा म्हणून 'लाल' (सगळ्यात तातडीच्या) ठरलेल्या बाकीच्या रुग्णांना डॉक्टरने किती वेळात पाहिलं ते घेतेय. आणि ईसीजी किती निघाले तेही. बेंबीच्या वरचं सगळं आत घेतलं की कागदाचा रोल लवकर संपणार, स्टोअरवाले बोंब मारतील. मारू देत.

तिसरी_खिडकी

मला एकच विचारायचंय. आधी केसपेपर काढून आणा, हे म्हणायचा हॉस्पिटलला हक्क आहे का? माझ्या सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा (नाव लिहीत नाही) त्यांचं ओठ निळे पडलेलं तोंड मला दिसत होतं आणि खिडकीतला माणूस पिनकोड विचारत होता. तुम्ही याला 'प्रोसेस' म्हणताय. आम्हाला ती माणुसकीची गोष्ट वाटते.

सिव्हिलचा_जावई

हक्क नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलीस आणि कागद मागून. एमएलसीच्या नावाखाली हात न लावणाऱ्यांसाठी तो निकाल आहे.

खिडकीतल्या माणसाचं मात्र असं की, नंबर न घेता आत सोडलं तर त्याचाच पगार अडतो. निकालाची प्रत त्याच्या टेबलावर नसते, अकाउंट्सचा मेमो असतो.

रात्रपाळी

तिसरी_खिडकी, तुम्ही म्हणता ते खरंच आहे. मी प्रोसेस म्हणते कारण माणुसकीचं भाषण दिलं की दोन दिवस टिकतं. आम्ही अकाउंट्सच्या साहेबांना वही वाचायला दिली. त्यांनीच मग 'तातडीचा' असा शिक्का करून दिला, कागदावर तो मारला की नंबर नंतर घेतला तरी खिडकीवाल्याला कुणी बोलत नाही. हा शिक्का निघाला नसता तर बाकीचं सगळं फुकट होतं.

घोणस

ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर. इथवर वाचून हसू येत होतं. आमच्याकडे रात्री मी, एक सिस्टर, एक शिपाई. त्यात पोस्टमॉर्टेम, त्यात डिलिव्हरी, त्यात कुठल्या तरी मीटिंगचा अहवाल. क्यूआय कुठून करणार?

पण मग आठवलं की आम्हीही एक केलंय, त्याला नाव दिलं नव्हतं एवढंच. पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की सर्पदंश. घोणस-फुरसं चावलं तर रक्त गोठतं की नाही हे बघायला वीस मिनिटांची चाचणी असते. शिरेतून दोन मिली रक्त, काचेच्या नळीत, न हलवता वीस मिनिटं ठेवायचं, मग एकदाच तिरकं करायचं. गोठलं नसेल तर सापाच्या विषावरची लस सुरू. यात यंत्र नाही, वीज नाही. तरी आमच्याकडे निकाल असे विचित्र यायचे की नुसती सूज आलेल्याचं रक्त गोठत नाही आणि हिरड्यांतून रक्त येणाऱ्याचं गोठतं.

कारण नळ्या. काही प्लॅस्टिकच्या होत्या, काही काचेच्या पण साबणाने धुऊन पुन्हा वापरलेल्या. काचेचा पृष्ठभागच गोठण्याची क्रिया सुरू करतो, प्लॅस्टिकवर किंवा साबणाचा अंश राहिलेल्या काचेवर ती नीट होत नाही. आम्ही कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळ्यांचं एक पाकीट लसीच्या व्हायलबरोबर फ्रीजशेजारच्या कप्प्यात ठेवलं, वर चिठ्ठी 'सापासाठी, दुसऱ्याने हात लावू नये'. सोबत किचन टायमर. आधी वीस मिनिटं म्हणजे कुणाची दहा, कुणाची चाळीस. नळ्यांत शंका आली की माझं स्वतःचं रक्त दुसऱ्या नळीत लावतो, ते गोठलं म्हणजे नळी बरी.

मण्यारीला ही चाचणी लागू नाही हे मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सकाळी पोरगं पोटात दुखतं म्हणून येतं आणि पापण्या जड. तिथे रक्ताकडे बघत बसलात तर गेला.

केंद्राच्या २०२४ च्या आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हटलंय. छान आहे. नळ्या पाठवा.

लीड्सवाली

घोणस, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रोजेक्ट आहे. लिहून काढा हो. एम्स दिल्ली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने 'पीओसीक्यूआय' नावाची चार पायऱ्यांची पद्धत केलीय, ती असल्याच ठिकाणांसाठी आहे. प्रश्न निवडून माणसं जमवा, कारण शोधून मोजा, छोटा बदल करून बघा, टिकवा. त्यातल्या तीन पायऱ्या तुम्ही चढलात.

घोणस

चौथी चढलो तेव्हा बदली झाली.

जुनी_टोपी

डॉक्टर बदलतात, फार्मासिस्ट आणि शिपाई वर्षानुवर्षं तिथेच असतात. कप्प्याची चिठ्ठी त्यांच्या हातची असू द्या. नवा साहेब आला तरी फार्मासिस्टने लावलेली चिठ्ठी तो काढत नाही.

हाउसपोस्ट_संपली

मी हृदयरोगाच्या बाजूने. ईसीजी दहा मिनिटांत निघून पुढे कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) उघडायला तास लागणार असेल तर उपयोग काय? २००६ मध्ये अमेरिकेतल्या ३६५ रुग्णालयांचा अभ्यास आला होता. दारापासून फुग्यापर्यंतचा, म्हणजे अँजिओप्लास्टीपर्यंतचा वेळ कुठे कमी आहे आणि का. निष्कर्ष फार साधे होते. इमर्जन्सीच्या डॉक्टरनेच कॅथलॅब बोलवायची, कार्डिऑलॉजिस्टच्या होकाराची वाट बघायची नाही. एकाच फोनवर सगळी टीम. टीमने वीस मिनिटांत पोचायचं. आणि झालेल्या केसचे आकडे लगेच सगळ्यांना कळवायचे. यात महाग असं काहीच नाही, अहंकार सोडला तर.

रात्रपाळी

तो सोडायला वेगळी समिती लागेल. आमच्याकडे ईसीजीचा फोटो सरांना व्हॉट्सॲपवर जातो आणि आम्ही निळ्या खुणांची वाट बघतो. पुढचा प्रोजेक्ट हाच. फिनलंडमधल्या हेलसिंकीचं उदाहरण बघा हवं तर. पक्षाघाताच्या रुग्णाला, तो दारात आल्यापासून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळेपर्यंतचा वेळ १९९८ च्या १०५ मिनिटांवरून २०११ मध्ये २० वर आला, आणि एका झटक्यात नाही, एकामागून एक बारा छोटे बदल करत. रुग्णाला ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवरूनच थेट सीटीच्या टेबलावर, हा त्यातलाच एक.

पीजी_अर्धवट

मॅडम, मी दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, असाच प्रोजेक्ट करतोय. दोन शंका. एथिक्स कमिटीची परवानगी लागते का? आणि गाइड म्हणतात ग्राफ 'सुंदर' नाही. दिवाळीच्या सुमाराला सगळे ठिपके एकदम वर गेलेत. तेवढे दिवस वगळू का?

रात्रपाळी

पहिलं: सुरू करायच्या आधी कमिटीला एक पत्र दे. आपल्याच विभागातलं काम नीट करणं आणि रुग्णांवर संशोधन करणं यातली रेघ कुठे पडते हे तू ठरवायचं नाहीस, गाइडनेही नाही, कमिटीने लेखी सांगायचं. बऱ्याचदा सूट मिळते. छापायचं मनात असेल तर ते पत्र मागून मिळत नाही.

दुसरं: वगळू नकोस. त्या दिवसांत काय झालं होतं?

पीजी_अर्धवट

मशीन दुरुस्तीला गेलं होतं, आयसीयूतून मागून आणायचो.

चाकणकर

मग तोच तुझ्या ग्राफमधला सगळ्यात खरा भाग. बाण काढ आणि 'मशीन दुरुस्तीला' असं लिही. आमच्याकडे कुणी सरळ रेघेसारखा ग्राफ आणला की आधी मोजणाऱ्याला बोलावतात.

रात्रपाळी

आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतील. एक मशीन बंद पडलं की अख्खी व्यवस्था कोसळते, हे तुझ्याशिवाय तुझ्या हॉस्पिटलात कुणी मोजलेलं नाही. दुसरं मशीन मागायला तेवढा कागद पुरतो.

पीजी_अर्धवट

ठीक. मशीन कुठल्या तारखेला गेलं आणि कधी आलं, ते बायोमेडिकलच्या रजिस्टरमधून काढतो.